आवाज चढवता येत नाही, तरी तुरुंग प्रशासनात जावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. समाजकार्य शिकून तुरुंग प्रशासनात जावं का, आणि आवाज चढवता न येणारा माणूस तिथे टिकतो का? दुसऱ्याचं आधी सांगतो. टिकतो. उलट आरडाओरडा करणाऱ्याचा वचक चार महिन्यांत संपतो.

बंदी, म्हणजे कैदी, बहुतेक ठिकाणी रक्षकांपेक्षा कितीतरी जास्त असतात. मोजणीला रांगेत येणं, संध्याकाळी बराकीत परतणं, हे सगळं चालतं ते बहुतेक जण ऐकतात म्हणून. आणि ऐकतात कधी? जेवण वेळेवर आलं, घरच्यांशी मुलाखत ठरल्या दिवशी झाली, अर्जाला उत्तर मिळालं तर. उत्तर 'नाही' असलं तरी चालतं, पण महिनाभर काहीच कळलं नाही की माणूस धुमसायला लागतो. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात १९९० साली २५ दिवस दंगल चालली. तिची चौकशी करणाऱ्या लॉर्ड वुल्फ यांनी १९९१ च्या अहवालात सुरक्षा आणि नियंत्रणाच्या बरोबरीने न्यायाला स्थान दिलं. न्याय म्हणजे इथे बंद्याला माणसासारखी, रास्त वागणूक. भिंती उंच करून हे साधत नाही.

आता प्रत्यक्ष काम. बाहेरच्यांना वाटतं तुरुंगाधिकारी दिवसभर गस्त घालतो. खरं तर तो वॉरंट, म्हणजे कोर्टाचे कैदेचे हुकूम, वाचतो. सुटकेची तारीख काढणं हे मला सगळ्यात जोखमीचं काम वाटत आलंय. दोन शिक्षा एकत्र भोगायच्या की एकीमागून एक, खटला चालू असताना आत काढलेले दिवस वजा होतात का, शिक्षेत माफी किती मिळाली, हे सगळं त्यात येतं. एक दिवस जास्त ठेवलात तर ती बेकायदा कैद, आणि एक दिवस आधी सोडलात तर चौकशी तुमची. नव्या अधिकाऱ्याला मी शस्त्रागाराआधी या टेबलावर बसवायचो. कुरकुर व्हायची.

समाजकार्याचं शिक्षण कामी येतं ते नव्याने आत आलेल्या माणसापाशी. पहिले काही दिवस आत्महत्येचा धोका सर्वाधिक असतो. आल्या आल्या त्याच्याशी कोण बोललं, काय विचारलं, यावर बरंच अवलंबून असतं. एकांतवासाची फाइल समोर येईल तेव्हाही तेच शिक्षण आठवा. कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला मनाई आहे. तरी 'अजून आठवडाभर राहू दे साहेब' म्हणणारे हाताखालचे लोक भेटतीलच.

मऊ स्वभावाचा खरा धोका निराळाच. 'साहेब, घरी एक निरोप तेवढा पोचवा.' एवढ्यावरून सुरुवात होते. आज निरोप, उद्या पाकीट, आणि परवा तुम्ही त्याच्या मुठीत. ओरडता आलं नाही तरी चालेल, पण नाही म्हणता आलंच पाहिजे, आणि मागणी झाली की त्याच दिवशी नोंद करायची.

शिपाई म्हणून लागून वर चढलेले अधिकारी माणसं ओळखण्यात तरबेज असतात, थेट परीक्षेतून आलेले कागदात. तुम्ही दुसऱ्या वाटेने येणार, तेव्हा पहिली दोन वर्षं जुन्या हवालदारांचं ऐका. त्यांच्या सगळ्याच सवयी मात्र उचलू नका.

आणि घरी आधी बोलून घ्या. तुरुंगप्रमुखाने आवारात किंवा अगदी जवळ राहावं, असं त्याच मंडेला नियमांत म्हटलंय. म्हणजे सणाच्या रात्रीही बोलावणं आलं की जावं लागणार.