पट्टी तुटली म्हणून शाखा बदलायची?

महोदय,

पॉलिमर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या आपल्या मुलीचे नाव काढून तिला संगणक शाखेत पुन्हा पहिल्यापासून बसवावे का, असे आपण विचारले आहे. मात्र चार पानांत ‘आम्ही ठरवले आहे’ हे इतक्या वेळा आले आहे की, आपल्याला सल्ला हवा आहे की शिक्कामोर्तब, हे मला कळेना. तिचे गुण मध्यम आहेत आणि त्यांची मला काळजी नाही. तिला स्वतःला काय वाटते याबद्दल पत्रात एक ओळही नसावी, याची आहे.

तिच्या अपयशाचा पुरावा म्हणून आपण लिहिता की, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन निम्मे-निम्मे वितळवून तिने पट्ट्या केल्या, त्या चाचणीत ओढताच तुटल्या, तरी सुटीतही ती तेच करीत बसली, आणि हे काम तर एमआयडीसीतला दहावी नापास मुलगाही करतो. त्या मुलाच्या कसबालाही आपण उगाच कमी लेखता, पण ते असो.

दोन प्लास्टिके एकत्र वितळवली की त्यांच्या गुणांची सरासरी हाती येते, हा समज साफ चुकीचा आहे. बहुतेक प्लास्टिके एकमेकांत मिसळतच नाहीत. रासायनिकदृष्ट्या सख्खी भावंडे वाटणारी ही दोनही वेगळीच राहतात आणि त्यांच्या सीमेवर पुरेशी पकड नसल्याने ताण येताच मिश्रण तेथूनच फाटते. एकाचे थेंब दुसऱ्यात किती बारीक होतील, हे वितळलेल्या दोन्ही प्लास्टिकांच्या दाटपणाच्या प्रमाणावर आणि यंत्रातील स्क्रूच्या घुसळणीवर ठरते. हा दाटपणाही एका आकड्यावरून कळत नाही: २३० अंश सेल्सिअसला २.१६ किलो वजनाखाली मोजलेला पॉलिप्रॉपिलीनचा मेल्ट फ्लो इंडेक्स, म्हणजे वितळलेले प्लास्टिक किती सहज वाहते याचा आकडा, साच्यातील कितीतरी वेगवान प्रवाहाबद्दल फारसे सांगत नाही. याच पॉलिप्रॉपिलीनमध्ये योग्य रबर बारीक कणांनी विखुरले, तर धक्का सोसणारा मोटारीचा बंपर होतो. तेव्हा पट्टी तुटणे अपेक्षितच होते, आणि ती का तुटली हे शोधत बसणे म्हणजेच या शाखेचा अभ्यास.

पुढे पदव्युत्तर अभियांत्रिकी प्रवेशाच्या गेट परीक्षेतील एक्सई (अभियांत्रिकी विज्ञान) पेपरात पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे, उच्च शिक्षणाला मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) आहे आणि संशोधनाला पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल).

तरीही तिने याच शाखेत राहावे, असे मी सांगणार नाही, कारण मी अजून तिचे काही ऐकलेलेच नाही. पुढचे पत्र तिने लिहावे, आणि पाठवण्यापूर्वी ते आपण वाचायला मागू नये.