द्राक्षावरची भुरी हेक्साला दाद का देत नाही?

प्रश्न (निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार): थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. मणी ज्वारीएवढे असताना भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी दिसली. हेक्साकोनॅझोल (हेक्सा) या बुरशीनाशकाचे दोन स्प्रे घेतले, दुसऱ्या वेळी डोस दीडपट केला. मग दुकानदाराने डायफेनोकोनॅझोल दिलं. भुरी हटत नाही. औषध बनावट असेल का?

उत्तर: तसंही असू शकतं, म्हणून पक्कं बिल आणि बॅच नंबर जपून ठेवा. पण तुम्ही लिहिलेला फवारणीचा क्रम पाहून मला वेगळी शंका येते. हेक्साकोनॅझोल आणि डायफेनोकोनॅझोल दोन्ही ट्रायझोल गटातली. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवणारं एकच विकर (एन्झाइम) ही दोन्ही औषधं बंद पाडतात. तुम्ही बाटली बदललीत, पण बुरशीवर तिसऱ्यांदाही तोच मारा झाला.

भुरी आलेलं पान दहापट भिंगाखाली धरून पाहा. पांढऱ्या बुरशीतून बीजाणूंच्या उभ्या माळा निघालेल्या दिसतील. वाऱ्याने माळ तुटते, बीजाणू शेजारच्या घडावर पडतो आणि हवा मानवली तर पाच ते सात दिवसांत तिथेही तशाच माळा उभ्या राहतात. एवढ्या प्रचंड संख्येत एखाद्या बीजाणूच्या जनुकात बारीक चूक होतेच, मग तुम्ही फवारा किंवा फवारू नका. या बुरशीत प्रत्येक जनुकाची सहसा एकच प्रत असते, त्यामुळे ती चूक झाकली जात नाही. ट्रायझोल ज्या विकराला चिकटतं, त्याच्या १३६व्या जागचं टायरोसिन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे फेनिलअ‍ॅलनिन आलं की औषधाची पकड ढिली होते. फवारणीत साधी बुरशी मरते, ही बदललेली वाचते आणि मोकळं झालेलं पान तिला एकटीला मिळतं.

डोस वाढवू नका असं मी कळकळीने सांगतो, त्याचं कारण इथेच आहे. ट्रायझोलविरुद्धची ताकद पायरीपायरीने वाढते. दीडपट डोसला थोडी भुरी मरते आणि आपल्याला गुण आल्यासारखं वाटतं. पण मेलेली असते ती अर्धवट तयार झालेली, मागे उरते ती सगळ्यात चिवट. वर मालात औषधाचा अंश राहतो तो वेगळाच. दुसऱ्या एका बुरशीनाशकाच्या, म्हणजे अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिनच्या गटात तर पायऱ्याही नाहीत. तिथे बुरशीच्या वेगळ्याच प्रथिनात १४३व्या जागी एक बदल झाला की औषध जवळजवळ निकामी होतं. हा गट १९९६ मध्ये बाजारात आला आणि १९९८ मध्ये जर्मनीत गव्हाच्या भुरीवर तो चालेनासा झाला होता.

आता काय कराल? आधी फवारणीच्या ब्लोअरचे नोझल तपासा. गर्दीच्या घडांच्या आतपर्यंत द्रावण पोचतं का ते घड उलटून पाहा. पुष्कळदा दोष औषधाचा नसून न भिजलेल्या मण्यांचा असतो. दाट फुटी काढून हवा खेळती ठेवा. या हंगामात ट्रायझोल पूर्ण थांबवा. ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घ्या, मात्र पारा ३५ अंशांच्या वर असताना नको. युरोपात १८४५च्या सुमारास द्राक्षावर भुरी आली, जवळपास तेव्हापासून गंधक वापरात आहे आणि अजून चालतं, कारण ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतं. भुरी तरीही वाढली तर मेट्राफेनोन किंवा सायफ्लुफेनामिड ही वेगळ्या गटांतली औषधं लेबलवरच्या डोसनेच, आणि एकच औषध लागोपाठ नाही. एका गटाचे हंगामात दोन स्प्रे पुरे, असं माझं मत आहे. जोड औषध घेताना दोन्ही घटक वाचा. फ्लुओपायरमसोबत बाटलीत टेब्युकोनॅझोल असेल, तर ट्रायझोल पुन्हा बागेत आलंच. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहिल्याशिवाय काहीही मारू नका.

प्रश्न (तासगाव): द्राक्षाच्या केवडा रोगावर नुसतं मेटालॅक्सिल हे औषध पूर्वीसारखं का चालत नाही?

उत्तर: कारण तेच, एकाच जागी मारा. युरोपात १९८० मध्येच बटाट्याच्या करप्यावर ते फसलं होतं. नुसतं वापरू नका. अनेक ठिकाणी घाव घालणाऱ्या मॅन्कोझेबची जोड हवी आणि तीही रोग दिसायच्या आधी.

प्रश्न (पंढरपूर): फवारणीचं उरलेलं पाणी शेणखताच्या ढिगावर ओतलं तर चालेल का?

उत्तर: नको, कृपा करून नको. कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी राहते. ती अशक्त माणसाच्या फुप्फुसात शिरली तर जीव घेऊ शकते आणि तिच्यावर डॉक्टर देतात ती इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल ही औषधं आपल्या ट्रायझोलची सख्खी भावंडं आहेत. ट्रायझोल मुरलेल्या ढिगात वाढलेली बुरशी दवाखान्यातल्या औषधालाही दाद देईनाशी होते. नेदरलँड्समध्ये फुलांच्या कंदांच्या कचऱ्यात अशी बुरशी सापडली आहे, आपल्या देशातही रुग्णांमध्ये आणि मातीत आढळली आहे. द्रावण मोजूनच बनवा. उरलंच तर पाणी घालून पातळ करा आणि त्याच बागेत, कमी भिजलेल्या ओळींवर संपवा.