डोंगर जळाला, घर वाचलं. आता पुराच्या विम्याचा खर्च झेपेना. कुठे मदत मिळते का?

लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेनातलं तुमचं घर जानेवारी 2025च्या ईटनच्या आगीतून वाचलं, घरविम्याचा हप्ता आधीच वाढलाय, त्यात एजंट पुराचा विमा घ्या म्हणतोय, आणि या खर्चाला सरकारी मदत आहे का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या वतीनं हप्ता भरणारी योजना नाही. न्यू मेक्सिकोत 2022च्या हर्मिट्स पीक आगीनंतर केंद्र सरकारनं पुराच्या विम्याचे हप्ते देण्याची तरतूद केली होती, पण ती आग वनखात्यानंच मुद्दाम लावलेल्या जाळातून भडकली होती, म्हणून वेगळा कायदा झाला. आपल्याकडे तसं काही नाही.

पण पैशाआधी तारीख बघा. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पूरविमा घेतल्यावर तो लागू व्हायला 30 दिवस लागतात. जंगलाच्या आगीसाठी यात एक सूट आहे: पाणी किंवा चिखल जळालेल्या फेडरल जमिनीवरून आला असेल, आणि पॉलिसी आग पूर्ण आटोक्यात आल्यापासून 60 दिवसांच्या आत घेतलेली असेल, तर ते 30 दिवस मोजत नाहीत. ईटनची आग 31 जानेवारी 2025ला आटोक्यात आली, म्हणजे ही मुदत 1 एप्रिल 2025लाच संपली; आता नवी पॉलिसी घ्याल तर ते 30 दिवस धरूनच चाला. वरचा डोंगर अँजेलिस नॅशनल फॉरेस्टचा, म्हणजे फेडरलच. मुदतीत घेतलेल्या पॉलिसीच्या कागदावरही 30 दिवसांनंतरचीच तारीख छापून येते. सूट क्लेमच्या वेळी तपासतात. ते बघून घाबरू नका.

आम्ही 2009 साली याच डोंगराखालच्या ला कनयाडात भाड्यानं राहत होतो. ऑगस्टमध्ये ‘स्टेशन फायर’ नावाची आग लागली, आमचं घर वाचलं, आम्ही पेढे वाटले. पुराच्या विम्याचं विचारलं तर आमचा तेव्हाचा एजंट म्हणाला, ‘तुम्ही पूररेषेत नाही, कशाला?’ आम्हालाही ते पटलं. डोंगरउतारावर कसला पूर! पण जळालेल्या मातीवर मेणासारखा थर धरतो, पाणी मुरत नाही, आणि राख, माती, दगडधोंडे घेऊन लोंढा खाली येतो. 6 फेब्रुवारी 2010च्या पहाटे ओशन व्ह्यू रस्त्यावरून गाड्या वाहत गेल्या. चाळीसहून जास्त घरांचं नुकसान झालं. आमचं फक्त गराजमधलं सामान गेलं, पण त्याचा एक डॉलर मिळाला नाही. हा धोका दोन-पाच वर्षं राहतो, तेव्हा एक पावसाळा कोरडा गेला म्हणून पॉलिसी सोडू नका.

आता खर्च कमी करायचं. फेडरल पॉलिसीचा दर सगळ्या एजंटांकडे एकच असतो, त्यामुळे चार ठिकाणी फिरून काही वाचत नाही. वाचतं ते डिडक्टिबलमध्ये, म्हणजे नुकसानीतली जी रक्कम आधी आपण सोसायची तिच्यात. ते 10,000 डॉलरपर्यंत नेलं तर हप्ता चांगलाच उतरतो (घरावर कर्ज असेल तर आधी बँकेला विचारा). इमारतीला जास्तीत जास्त 2,50,000 आणि सामानाला 1,00,000 डॉलरचं संरक्षण मिळतं. पूररेषेबाहेर असाल तर सहसा बँकेची सक्ती नसते, मग पूर्ण रक्कम घ्यायलाच हवी असं नाही. मी तरी सामानात काटकसर करीन, इमारतीत नाही. आपल्या वस्तीला कम्युनिटी रेटिंगची सवलत (स्थानिक प्रशासनानं पूर टाळायला जादा कामं केली तर मिळणारी) लागते का, हे एजंटला स्पष्ट विचारा. ती 5 ते 45 टक्क्यांपर्यंत असते आणि आपोआप लागायला हवी. दरमहा हप्त्यांची सोयही आता झाली आहे.

एक शब्द नीट समजून घ्या. वाहत्या चिखलाचा लोंढा या विम्यात बसतो, दरड बसत नाही. माळीण, इरशाळवाडीसारखं काही झालं तर फेडरल विमा हात वर करणार. तिथे कॅलिफोर्नियाचा कायदा कामी येतो: दरड कोसळण्याचं मूळ कारण आग असेल तर ती भरपाई तुमच्या नेहमीच्या घरविम्यातून मागता येते. 2018च्या मॉन्टेसिटोच्या चिखललोंढ्यानंतर राज्याच्या विमा आयुक्तांनी कंपन्यांना हे बजावून सांगितलं होतं. मात्र कंपनी सरळ मान्य करील या भरवशावर पूरविमा टाळू नका. आधी नकार येतो, मग भांडावं लागतं.

वाळूच्या पिशव्या काउंटीच्या फायर स्टेशनवर फुकट मिळतात. काउंटीच्या पब्लिक वर्क्सचे इंजिनिअर घरी येऊन पाणी कुठून वळवायचं तेही फुकट सांगतात, त्यांना बोलवाच. आणि फोनवर घराचा आतून-बाहेरून, गराजसकट व्हिडिओ काढून ठेवा. आमच्याकडे तोही नव्हता.