रायवळावरचं घुबड आणि तुमचा कॅमेरा

प्रश्न : आमच्या घरामागे जुना रायवळ आंबा आहे. तिन्हीसांजेला त्यावरून थरथरत्या आवाजात 'चुहुआऽऽ' अशी आरोळी येते. आजी म्हणते, हे ओरडलं की गावात कुणीतरी जातं. मला वाटतं वनघुबड असावं. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ७०-३०० लेन्स आहे. फोटो मिळेल का?
– बारावीचा विद्यार्थी, लांजा तालुका

उत्तर : मिळेल. आवाजावरून तरी ते ठिपकेवालं वनघुबडच वाटतं, पण खात्री चेहऱ्यावरून कर. डोक्यावर शिंगांसारखी पिसं नसतात, डोळे गडद तपकिरी असतात, आणि चेहऱ्यावर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी बारीक काळी-पांढरी वलयं असतात. डोळे पिवळे दिसले तर पक्षी वेगळा. आजीला सांग, नोव्हेंबर ते एप्रिल हा यांचा विणीचा हंगाम. नर-मादी एकमेकांना साद घालतात, त्यात आपल्यापैकी कुणाला बोलावणं नसतं. आणि ओरडल्यावर कुणीच गेलं नाही, त्या रात्री कोण लक्षात ठेवतो?

आधी कॅमेरा घरीच ठेव आणि दिवसा झाड बघून ये. सकाळी कोतवाल, बुलबुल आणि खारी एकाच फांदीभोवती कालवा करत असतील, तर घुबड तिथेच बसलंय. झाडाखाली पांढरी शीट आणि अंगठ्याएवढ्या राखाडी गोळ्या सापडतील. घुबड उंदीर बहुधा अख्खाच गिळतं. केस आणि हाडं पचत नाहीत, ती गोळी करून ओकून टाकतं. एखादी वाळलेली गोळी काडीने उकल. आत केसांच्या गुंत्यात उंदराची कवटी मिळेल, पुढचे दात पिवळट-नारिंगी, जसेच्या तसे. बागेत उंदीर मारायचं औषध टाकणाऱ्या तुझ्या शेजाऱ्यांनाही ती दाखव. विष खाल्लेला उंदीर गिळून घुबडही मरतं.

तुमच्याकडे रायवळ आहे, म्हणून घुबड आहे. हापूसच्या कलमांना आपण छाटून, वळण देऊन ठेंगणं ठेवतो. त्यांना ढोली कुठून पडणार? रायवळाची, चिंचेची, वडाची जाड फांदी मोडते, ती जागा कुजत आत जाते आणि ढोली तयार होते. हे घुबड काड्या आणून घरटं बांधत नाही. ढोलीत आहे त्या जागीच अंडी घालतं, साधारण दोन-तीन. त्यामुळे शिडी लावून डोकावणं नको, आणि फोटोच्या आड येतो म्हणून डहाळा तोडणं तर अजिबात नको. दिवसभर कावळ्यांपासून त्याला लपवतो तो तोच डहाळा.

आता फोटो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जाऊन बस, बुंध्यापासून वीस-पंचवीस मीटर लांब. गडगा, म्हणजे दगडांचं बुटकं कुंपण, असेल तर उत्तम. त्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेव आणि लेन्स तिच्यात रुतव; ट्रायपॉडचं काम होतं. बसलेलं घुबड बराच वेळ हलत नाही, त्यामुळे शटर १/६० पर्यंत उतरवलंस तरी चालतं. आयएसओ १६०० ते ३२००. मागे उजळ आकाश असलं की पक्षी नुसता काळा येतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वाढव. ऑटोफोकस हमखास पुढच्या पानाला चिकटतो. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेव, नाहीतर सरळ हाताने फोकस कर.

घुबड अंग ताणून फांदीसारखं बारीक झालं आणि डोळ्यांच्या फटी करून तुझ्याकडे बघू लागलं, तर तू फार जवळ गेलायस. तसाच मागे सर. एकटक लेन्समध्ये बघणाऱ्या घुबडाचे फोटो स्पर्धांत जिंकतात. मला त्यात वैतागलेला पक्षी दिसतो. मी थांबते ती उठायच्या वेळेसाठी. आधी पिसं फुलवून झटकतं, मग एक पंख आणि त्याच बाजूचा पाय लांब करून आळस देतं. डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान वळवून चौफेर बघतं. मानेत चौदा मणके आहेत, आपल्या दुप्पट. आळस टिपायला शटर १/१२५ तरी हवं. परतताना बॅटरी झाडावर नको, पायाशी मार. कातळावर फुरसं असतं.

प्रश्न : आमचा ग्रुप देवरायांत फोटोग्राफीला जातो. मोबाइलवर आवाज वाजवला की घुबड लगेच समोर येतं. एखादा फ्लॅश मारला तर खरंच काही बिघडतं का?
– मालवण

उत्तर : बिघडतं. आपल्या हद्दीत दुसरं घुबड घुसलं असं समजून ते हातातली शिकार आणि पिल्लं सोडून भांडायला येतं. वर काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर तुमचा फ्लॅश. दोन्ही बंद करा. आणि फोटो टाकताना देवराईचं नाव, गाव, नकाशावरची खूण काहीही देऊ नका. घुबड लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी तेच पकडून विकायचं, हा धंदा आपल्या देशात चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

प्रश्न : परसात आंब्याखाली घुबडाचं पिल्लू पडलंय. अंगावर कापसासारखी लव, उडता येत नाही. घरात आणून दूध पाजू का?
– गुहागर

उत्तर : दूध नको, पाणीही चोचीत ओतू नका. वनघुबडांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच ढोलीबाहेर पडतात आणि नख्या-चोचीच्या आधाराने फांद्यांवर चढतात, कधी घसरतात. जखम नसेल तर जाड टॉवेलात धरून जवळच्या आडव्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देत नाही. अंधार पडल्यावर ती भरवायला येते. तेव्हा खाली उभे राहू नका, डोक्यावर झडप घालू शकते. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, काळोखात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कुत्रा, मांजर तोवर घरात बांधून.