घर त्याच्या नावावर, सही तिची

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये आपल्या जोडीदाराबरोबर लग्न न करता राहते. तो एकट्याच्या नावावर गृहकर्ज काढून घर घेत आहे. सुरुवातीच्या रकमेत मुलीने 15,000 पौंड घातले आहेत आणि निम्मा हप्ताही तीच भरणार आहे. आता कर्ज देणाऱ्या संस्थेने तिच्याकडे संमतिपत्र पाठवले आहे. सही केल्यास तिचा हक्क जाईल का?

उत्तर : जाईल, पण फक्त संस्थेपुरता. घरात तिचा काही हक्क असलाच तरी तो संस्थेच्या हक्कामागे राहील आणि हप्ते थकून संस्थेने ताबा मागितला तर ती घर रिकामे करून देईल, एवढेच अशा पत्रात साधारणपणे लिहिलेले असते. जोडीदाराकडून आपला वाटा मागण्याचा हक्क त्याने बुडत नाही.

संस्था हा कागद मागू लागल्या त्यामागे 1980 सालचा बोलंड खटला आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरील घरात बायकोचेही पैसे होते. बँकेने तिला न विचारता ते गहाण घेतले आणि तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बँकेला ताबा नाकारला. या नियमाला लग्नाची अट नाही, म्हणून पुष्कळ संस्था घरातील 17 वर्षांवरील प्रत्येकाची सही घेतात. मात्र घर ज्या कर्जातून घेतले जाते, त्या कर्जाला बहुतेक वेळा कायदाच अग्रक्रम देतो. त्यामुळे आता सही नाकारून फारसे काही हाती लागणार नाही, उलट कर्जच अडेल. संमती पुढील वाढीव कर्जालाही लागू होते का, ते मात्र तिने बारकाईने वाचावे.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच कागदाची. दुसऱ्या कोणी दिलेली रक्कम ही भेट आहे आणि तिच्या बदल्यात घरात वाटा नको, असे लेखी पत्र संस्था अनेकदा मागतात. तिने ते निव्वळ औपचारिकता समजून दिले, तर उद्या जोडीदाराकडे त्या 15,000 पौंडांचा वाटा मागताना तेच पत्र तिच्यापुढे ठेवले जाईल. कितीही वर्षे एकत्र राहिले तरी इंग्लंडच्या कायद्याने जोडीदाराला पत्नीचे हक्क मिळत नाहीत. तेव्हा व्यवहार पूर्ण होण्यापूर्वीच तिने, जोडीदाराच्या नव्हे तर स्वतःच्या सॉलिसिटरकडून, कोणाचा किती वाटा हे सांगणारा विश्वस्त-घोषणेचा दस्त करून घ्यावा आणि त्याची कल्पना संस्थेला द्यावी. हप्त्याचा निम्मा भाग रोख न देता बँकेतूनच, कशासाठी दिला त्याची नोंद करून द्यावा.