थंडरबर्डमध्ये मेल येतात, पण जात नाहीत. पासवर्ड बदलूनही फरक नाही, काय करू?

नेट बदलल्यापासून पाठवताना 'कनेक्शन टाइम आउट' येतं आणि तुम्ही तीनदा पासवर्ड बदललात, असं लिहिलंय. आधी ते थांबवा. टाइम आउट म्हणजे सर्व्हरशी बोलणं सुरूच झालं नाही, पासवर्ड विचारायची वेळच आली नाही. पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरनं बहुतेक ५३५ हा आकडा दाखवून तोंडावर नकार दिला असता. उगाच बदलत बसलात तर मोबाइलमधला जुना पासवर्ड चुकत राहील आणि खातंच लॉक व्हायचं.

मेल येतात आयमॅपवरून, पोर्ट ९९३ (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा नंबर घातलेला दरवाजा). जातात एसएमटीपीवरून, आणि त्याचं सेटिंग वेगळं असतं. एक चालू, एक बंद हे अगदी रोजचं आहे.

मी लातूरला मोंढ्यातल्या अडत दुकानांचे कॉम्प्युटर बघतो. ऐन सोयाबीनच्या हंगामात एका दुकानात हेच झालं होतं. आउटबॉक्समध्ये १४ बिलं अडकलेली, आणि मुनीमजी म्हणतात, "कालपर्यंत जात होतं की!" मी काही न उघडता माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावला. मिनिटभरात चौदाच्या चौदा गेली. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नव्हता, लाइनचा होता. सेटिंगमध्ये जुना २५ नंबरचा पोर्ट होता. व्हायरस लागलेली मशिनं त्यावरून कचरा मेल सोडतात म्हणून बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या तो बंदच ठेवतात. जुन्या कंपनीनं ठेवला नसावा, इतकंच.

तुम्हीही आधी हॉटस्पॉट लावून बघा. मेल गेले, तर अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' आहे, तिथं पोर्ट ५८७ करा आणि सुरक्षेच्या रकान्यात (बोलणं कुलूपबंद करायची पद्धत) 'स्टार्टटीएलएस' निवडा. ४६५ वापरायचा असेल तर तिथं 'एसएसएल/टीएलएस'च हवं. ४६५ ला 'स्टार्टटीएलएस' लागलं तरीही टाइम आउटच येतं, कारण दोघंही समोरच्यानं आधी बोलावं म्हणून थांबतात. सोयरिकीच्या बैठकीत दोन्हीकडची मंडळी गप्प बसावीत, तसं!

हॉटस्पॉटवरही अडलं तर अँटिव्हायरसचं मेल तपासणं पाच मिनिटं बंद करून बघा. परत चालू करायला विसरू नका.

खातं जीमेलचं असेल आणि पोर्ट सुधारल्यावर पासवर्डची तक्रार आली, तर नेहमीचा पासवर्ड तिथं चालत नाही. मे २०२२ अखेर गूगलनं ती सोय काढली. ऑथेंटिकेशनमध्ये 'ओऑथ२' (गूगलच्याच पानावर लॉगिन करायची पद्धत) निवडा, नाहीतर गूगल खात्यात टू-स्टेप (लॉगिनची दुहेरी खात्री) चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (फक्त अशा प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) काढा.

सर्टिफिकेटचा (सर्व्हरच्या ओळखपत्राचा, त्याला मुदत असते) इशारा दिसला तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागं जाते, आणि आपल्याकडं लाइट जाणं काही नवं नाही.

एवढं करूनही अडलं तर आत्ता पोर्ट कोणता आहे आणि हॉटस्पॉटवर काय झालं, ते इथंच लिहा.