चार फुटी फिशटँक: काच की अ‍ॅक्रिलिक?

खारघरच्या भाड्याच्या घरात ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी ठेवायची आहे आणि घरात लहान मूल आहे, तेव्हा काच अधिक टिकेल की अ‍ॅक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक), असे आपण विचारले आहे. माझा कौल काचेला आहे. मात्र काच अधिक मजबूत असते म्हणून नव्हे. मुलाने स्टीलचा पेला भिरकावला तर काचेला तडा जाऊ शकतो, अ‍ॅक्रिलिक मात्र बहुधा निभावून नेईल.

प्रश्न आहे तो रोजच्या हाताळणीचा. शेवाळ काढताना चुंबकाच्या घासणीत वाळूचा एखादा कण अडकला, तर अ‍ॅक्रिलिकवर लांबलचक चरा उमटतो आणि संध्याकाळी टाकीतला दिवा लावला की नेमका तोच डोळ्यांत भरतो. चरे पॉलिश करून घालवता येतात, पण आतल्या बाजूचे असतील तर बहुधा टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसते. काचेवर धारदार ब्लेड निर्धास्त चालवता येते. शिवाय काच पुसण्याचे अमोनियाचे किंवा अल्कोहोलचे फवारे अ‍ॅक्रिलिकवर मारले, तर कालांतराने त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात. घरकामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच सांगून ठेवावे लागते.

अ‍ॅक्रिलिकचा ताठपणा काचेच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकाच असतो. पाण्याच्या दाबाने ते बाहेर फुगते, म्हणून जाड पत्रा, वरच्या कडेला पट्टीची चौकट आणि खाली पूर्ण सपाट आधार, असे सारे लागते. त्याचे जोड द्रावकाने विरघळवून एकजीव केलेले असतात. काम नीट झाले तर ते उत्तम टिकतात, पण दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारागिराकडून टाकी करून घेण्याचे धाडस मी करणार नाही. बर्लिनच्या हॉटेलातील सुमारे १० लाख लिटरची अ‍ॅक्रिलिकची टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी फुटली, त्या बातमीने मात्र घाबरू नये. ते प्रमाणच वेगळे.

काचेचे दुखणे सिलिकॉनच्या जोडांत असते. दहा-पंधरा वर्षांनी ते कडेने सुटू लागतात, पण जुने सिलिकॉन खरवडून नवे भरता येते. जुन्यावर नवा थर धरत नाही, त्यामुळे वरवर लिंपून देणाऱ्याला नकार द्यावा.

घर बदलताना अ‍ॅक्रिलिक सोयीचे, हे मान्य. आपल्या मापाची १० मिमी काचेची टाकी रिकामीच पन्नास किलोंच्या वर भरेल, तर १२ मिमी अ‍ॅक्रिलिकची तीसच्या आसपास. तरीही नेरूळहून घोडबंदरला काचेची टाकी सुखरूप नेता येते. फक्त वाळू-दगड आधी पूर्ण काढावेत आणि कोपऱ्यांना जाड पुठ्ठा बांधावा, कारण टवका उडतो तो तिथेच. तळाशी थर्माकोल अंथरून टाकी मजबूत, सपाट स्टँडवर ठेवावी. टफन्ड (उष्णता देऊन कणखर केलेल्या) काचेचा आग्रह धरू नये: ती फुटते तेव्हा क्षणात चुरा होतो, आणि पुढे बाहेरच्या फिल्टरसाठी भोक पाडायचे म्हटले तरी पाडता येत नाही.